वडिलार्जित मृगाजिनाचे काय करावे?

(नभोवाणीवरील भाषण)

सोलापूरच्या माणसाने केसाळ कातड्याच्या वस्त्रांविषयी बोलावे, हे ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. आमच्या गावी वैशाखात पारा चाळिसाच्या पुढे सहज जातो, आणि थंडी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातल्या मोजक्या रात्री. त्या रात्रींपुरती एक चादर बस्स होते. आणि चादरींची तर या गावाला कधीच ददात पडली नाही. फरचा कोट घालून कोणी नवी पेठेतून निघाला, तर त्याच्यामागे पोरांची मिरवणूक लागेल. तरीही विषय हाच घेतला आहे. कारण आपण आपापल्या घरातील जुन्या ट्रंका उघडून पाहिल्या, तर त्यांतील काहींच्या तळाशी, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळलेले, असे काहीतरी निघेल की जे एके काळी एखाद्या प्राण्याच्या अंगावर होते. कोठे काळविटाचे कातडे, कोठे आजोबांच्या बैठकीचे व्याघ्राजिन, कोठे काश्मिराहून आणलेली मऊसूत शाल, तर कोठे परदेशी राहणाऱ्या मावशीने पाठविलेला केसाळ गळपट्टा. ते ठेवावे की टाकावे, वापरावे की कोणास द्यावे, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला ग्रंथात सापडला नाही. तो घरातच उभा राहिला. माझ्या नातवाची मुंज येत्या वैशाखात करावयाचे ठरले आहे. साहित्याची यादी करताना सूनबाई 'मृगाजिन' या शब्दाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आपल्याकडचं ते जुनं आहे ना?" मी मोठ्या अभिमानाने ट्रंक उघडली. माझ्या आजोबांना १९३८ च्या सुमारास एका शिकारी स्नेह्याने दिलेले ते कातडे. त्यावर माझ्या वडिलांची मुंज लागली, माझी लागली, माझ्या मुलाची लागली. पाठीकडील काळेभोर केस आता विरळ झाले आहेत, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. पण पोटाकडील पांढरा पट्टा अजून ओळखू येतो. नातू जवळ येऊन बसला, त्याने त्यावरून हात फिरविला आणि विचारले, "आजोबा, हे हरिण कोणी मारलं?"

"फार जुनी गोष्ट आहे रे," मी म्हणालो, "आता त्याचं काय?"

"म्हणजे एका हरणात किती मुलांच्या मुंजी होतात?"

श्रोतेहो, माझी सारी हयात मुलांना त्रैराशिके घालण्यात गेली. पण हे उदाहरण मला सुटेना. त्या दिवसापासून मी या विषयाचे जे वाचन केले, जाणत्या माणसांस जे विचारले, त्याचा गोषवारा आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम धर्मग्रंथांकडे पाहू. कारण मृगाजिन घरात ठेवणारा मनुष्य पहिला आधार त्यांचाच देतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याच्या अजिनाचा विचार आहे. ब्राह्मणाने कृष्णमृगाचे, क्षत्रियाने रुरु नावाच्या मृगाचे व वैश्याने बोकडाचे कातडे पांघरावे, असा तो नियम आहे. म्हणजे मुळात मृगाजिन हे वस्त्रच होते. अरण्यात गुरुगृही राहणाऱ्या बटूचे ते उत्तरीय. हा नियम तोंडपाठ सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु पारस्कराच्या गृह्यसूत्रात त्याच्याच जोडीला जी सवलत सांगितली आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. विहित कातडे न मिळेल तर कोणत्याही वर्णाच्या बटूस गाईचे कातडे चालेल, असे तेथे स्पष्ट आहे. म्हणजे सूत्रकारांनाही हे ठाऊक होते की, मृग मिळाला नाही म्हणून मुंज अडत नाही. संस्कार मुलाच्या मनावर व्हावयाचा. कातडे हे त्याचे साधन.

आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. मेखला, अजिन, दंड, यज्ञोपवीत व कमंडलू या वस्तू जीर्ण झाल्या, तर त्या पाण्यात सोडून द्याव्यात व समंत्रक नव्या घ्याव्यात, असेही मनूने सांगितले आहे. तेव्हा जुन्या अजिनाचे काय करावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर दिले होते. ते उत्तर त्या काळाला साजेसे होते. रानात काळविटांचे कळप होते, नद्या वाहत्या होत्या, आणि कातडे कमावण्यास मीठ, तुरटी व झाडाची साल यांपलीकडे फारसे काही वापरीत नसत. आज यांतील एकही गोष्ट तशी राहिलेली नाही.

काळविटाचेच पाहा. एके काळी आपल्या माळरानांवर हा प्राणी शेळ्यामेंढ्यांसारखा दिसे. संस्थानिक लोक पाळीव चित्ते सोडून त्याची शिकार करीत. कोल्हापूर दरबारचे असे चित्ते प्रसिद्ध होते. पुढे शिकार वाढली, माळ नांगराखाली आले, आणि कळप विरळ झाले. चित्ता तर या देशातून नाहीसाच झाला. २०२२ साली तो आफ्रिकेतून आणून मध्यप्रदेशातील कुनो येथे सोडावा लागला. काळवीट मात्र वाचला. सोलापुराहून बार्शीच्या वाटेवर नान्नज लागते. तेथील गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य म्हणून राखला गेला. माळढोक आज तेथे दृष्टीस पडणे दुर्मीळ झाले आहे. पण त्याच्या नावाने राखलेल्या गवतावर काळवीट जगले. पलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली खास काळविटांसाठीच सव्वादोन चौरस किलोमीटरांचे छोटेसे अभयारण्य झाले. नान्नजला पहाटे गेलात तर दव पडलेल्या गवतात एखादा काळा नर मान उंचावून, पिळदार शिंगे पाठीवर टेकवून उभा दिसतो. तो पाहिल्यावर ट्रंकेतल्या कातड्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहवत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, तो जीव तर केव्हाच गेला. कातडे जाळले म्हणून तो उठून माळावर धावणार नाही. मग वापरले तर बिघडले कोठे?" हा युक्तिवाद पोकळ नाही, त्याला उत्तर दिले पाहिजे. जगात इतरत्रही लोकांना हा पेच पडला आहे, आणि त्यांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडविला आहे. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या नव्या पोशाखांत खरी फर वापरली जाणार नाही, असे २०१९ साली जाहीर झाले. मात्र जुने पोशाख आहेत ते त्या पूर्वीप्रमाणे वापरतील, असेही सांगण्यात आले. याच्या अगदी उलट आसामात घडले. सरकारी खजिन्यांत वर्षानुवर्षे साठलेली गेंड्यांची २,४७९ शिंगे २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखाट येथे जाहीरपणे जाळण्यात आली. अमेरिकेत तिसराच मार्ग निघाला: तेथील एका प्राणिदया संस्थेने लोकांकडून जुने फरकोट मागवून घेतले आणि आईवेगळ्या झालेल्या रानपिलांना ऊब मिळावी म्हणून ते प्राणिशुश्रूषागृहांत अंथरावयास दिले.

एकाने ठेवले, एकाने जाळले, एकाने दिले. यांत खरे कोणाचे? विचार करता मला असे वाटते की, वस्तू ठेवणे किंवा टाकणे यांत पापपुण्य नाही. तिच्यामुळे पुढे काय घडते यात ते आहे. म्हणून मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या ठरविल्या. पहिली बाजाराची: माझ्या या वस्तूमुळे दुसऱ्या कोणास तशीच वस्तू हवीशी वाटेल काय, व त्यासाठी नवा जीव जाईल काय? दुसरी उपयोगाची: ही वस्तू खरोखर कोणाच्या गरजेस पडते, की केवळ माझ्या मिरवण्यास? तिसरी सत्याची: ही कोठून आली व माझ्याजवळ का आहे, हे मी चारचौघांत उघडपणे सांगू शकतो काय? राणींचा जुना कोट दुसऱ्या कसोटीस कदाचित उतरेल, पण पहिलीस उतरेलच असे नाही. कारण मोठ्यांचे पाहून लोक चालतात. गेंड्याच्या शिंगाचा तर चोरटा बाजार इतका तेजीत आहे की, तेथे अग्नीवाचून उपाय नव्हता.

पहिल्या कसोटीचे महत्त्व शाहतूश शालीच्या कथेवरून चांगले ध्यानात येते. तिबेटच्या पठारावर व लडाखच्या सीमेवर चिरू नावाचा मृग राहतो. कडाक्याच्या थंडीसाठी निसर्गाने त्याला अतिशय तलम लोकर दिली आहे. तिची शाल अंगठीतून ओवता येते म्हणून नावाजलेली. चिरू झुडपांना अंग घासतो, तेथे अडकलेली लोकर लोक वेचून आणतात, असे शाल विकणारे सांगत, आणि घेणारे सुखाने विश्वास ठेवीत. पण त्या पठारावर झुडपे जवळजवळ नाहीतच! जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने तेथे प्रत्यक्ष हिंडून खरा प्रकार जगापुढे आणला. चिरूस ठार मारल्यावाचून ती लोकर मिळत नाही, आणि एका शालीस तीन ते पाच जीव लागतात. आपल्या घरच्या शालीचे हे कुळ असेल काय, ते अंगठीवरून ठरत नाही. उत्तम पश्मीनाही अंगठीतून जातो, आणि पश्मीना तर पाळीव बकरीच्या अंगावरून विंचरून काढतात. खरी पारख सूक्ष्मदर्शकाखालीच होते. अशा शालीचे एका लग्नात कौतुक झाले की दहा घरांत तिची इच्छा उत्पन्न होते. नेसणारीच्या मनात काही नसते, पण बाजाराला तेवढे पुरते.

येथवर नीतीचा विचार झाला; आता कायद्याकडे वळतो, कारण वन्य प्राण्यांच्या बाबतीत आपल्याकडे नीती व कायदा एकाच दिशेने जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वाघ, बिबळ्या, काळवीट, चिरू यांना पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ज्यांच्या घरी यांची कातडी वा त्यांपासून केलेल्या वस्तू होत्या, त्यांनी तीस दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तशी नोंद करावी, असे त्या वेळी फर्माविले होते. पुष्कळांनी ती केली नाही. म्हणून २००३ साली एप्रिलपासून सुमारे सहा महिन्यांची आणखी एक संधी सरकारने दिली. तीही गेल्यानंतर आता अशी वस्तू केवळ वारसानेच घरात येऊ शकते. आणि ज्यास ती वारसाने मिळाली, त्याने नव्वद दिवसांच्या आत कळविले पाहिजे. मालकीचा दाखला असला तरी ती विकता येत नाही. आणि दाखला नसेल, तर वस्तू बेकायदा नाही हे सिद्ध करण्याचे ओझे बाळगणाराच्याच शिरावर येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

श्रोतेहो, येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. २००३ साली वर्तमानपत्रात ती सूचना मी वाचली होती. शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवीत होतो. नागरिकाची कर्तव्ये फळ्यावर क्रमांक घालून लिहून देत होतो. पण घरी आल्यावर मनात म्हणालो, 'हे हस्तिदंतवाल्या राजेरजवाड्यांसाठी आहे. मास्तराच्या ट्रंकेत कोण डोकावतो?' कोणी डोकावले नाही हे खरे. परंतु तिसऱ्या कसोटीस मी त्याच दिवशी नापास झालो. ते समजण्यास वीस वर्षे आणि एक आठ वर्षांचा परीक्षक लागला.

मग आता करावे काय? आधी काय करू नये ते सांगतो. पाण्यात सोडू नये. मनूच्या काळची ती रीत सिद्धेश्वराच्या तळ्याला आज सोसवणार नाही. शिवाय शिकारीची जुनी कातडी टिकावी म्हणून पूर्वी त्यांस सोमल लावीत असत. असे कातडे पाण्यात गेले तर विष पाण्यात जाते. याच कारणास्तव ते झटकू नये, उघड्या हाताने चोळू नये, मुलांस त्यावर बसवू नये. घरी जाळूही नये. सरकारने पंचनामा करून जाळणे वेगळे, आणि आपण परसात पुरावा नाहीसा करणे वेगळे. तुकडे करून आप्तेष्टांत वाटू नयेत. विकू तर नयेच. आणि मुंजीच्या साहित्यात बाजारात मिळणारा मृगाजिनाचा तुकडाही घेऊ नये. तो खरा असेल तर गुन्हा आहे, आणि खोटा असेल तर फसवणूक. यांपैकी कशावरही संस्काराचा आरंभ होऊ नये.

ज्यांच्याजवळ मालकीचा दाखला आहे, त्यांना मार्ग सोपा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमात अशी तरतूद झाली आहे की, वस्तू जवळ नको असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांस कामकाजाच्या सात दिवसांची पूर्वसूचना देऊन ती शासनाच्या स्वाधीन करता येते. तिचा मोबदला मिळत नाही, आणि मिळू नये हेच योग्य. ज्यांच्याजवळ दाखला नाही, त्यांनी आधी एखाद्या जाणत्या वकिलास विचारावे, नंतर उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि त्याच्या नकलेवर पोच घ्यावी. कातडे बगलेत मारून स्वतः निघू नये. ते कोठे व कसे न्यावयाचे हे अधिकाऱ्यांनीच सांगावयाचे असते. अर्जाबरोबर एक चिठ्ठी अवश्य जोडावी: हे कातडे कोणत्या प्राण्याचे, कोणत्या साली, कोणत्या मुलुखातून, कोणामार्फत घरात आले. संग्रहालयात गेलेल्या कातड्याची किंमत त्याच्या केसांत नसते, ती अशा चिठ्ठीत असते. स्थळकाळ ठाऊक असेल तरच अभ्यासकास त्याचा काही उपयोग. एरवी ते एक मुके चामडे. आणि घरातील वृद्ध गेले की चिठ्ठी लिहिणाराही गेला. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

वन्य नसलेल्या प्राण्यांच्या वस्तूंस, म्हणजे सशाच्या केसाची टोपी, मेंढीच्या कातड्याचे जाकीट, परदेशातील शेतांवर वाढविलेल्या मिंकचा कोट, यांस या अधिनियमाचा अडसर नाही. तेथे आपल्या तीन कसोट्याच कामाच्या. मिंक, खोकड इत्यादी प्राण्यांची कातडी देशात आणण्यास २०१७ साली भारत सरकारने बंदी घातली. तेव्हा परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींनी तेथील जुना कोट प्रेमाने इकडे पाठवू नये. तेथेच एखाद्या निराश्रितास किंवा प्राण्यांच्या शुश्रूषागृहास द्यावा. येथे असलेली टोपी वा जाकीट थंड मुलुखात नोकरीस जाणाऱ्या गरजूस द्यावे, आणि देताना ते कशाचे आहे हे स्पष्ट सांगावे. नको असेल त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आहे. गरिबाने कसलेही वस्त्र निमूट घ्यावे, ही समजूत काही दयेची नव्हे.

कोणी मला विचारील की, पायांत चामड्याची वाहाण घालणाराने हे उपदेश करावेत काय? प्रश्न रास्त आहे. १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालविले. तेथे मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावीत. चामडे वापरायचेच तर त्यासाठी जीव घेतलेला नसावा, एवढा विवेक त्यामागे होता. सर्व हिंसा टाळणे आपणा संसारी माणसांना साधणार नाही. पण टाळता येण्याजोगी कोणती, हे ओळखणे साधते. आणि आपल्या भागात तर त्याचे उत्तर दाराशीच आहे. सांगोले-मंगळवेढ्याकडचे धनगर मेंढीची लोकर कातरतात, मेंढी अंग झाडून पुन्हा चरावयास जाते, आणि त्या लोकरीचे घोंगडे विणले जाते. ते ऊन, पाऊस, थंडी तिन्ही सोसते. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया सोवळ्यात नेसत ती धाबळीही लोकरीचीच. जे वस्त्र सोवळ्याला चालत आले, ते बटूच्या आसनाला अपुरे कसे पडेल? मी आमच्या उपाध्यायांस हे विचारले. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "मास्तर, मंत्र मुलाला म्हणायचा आहे, हरणाला नाही. घोंगडी आणा."

त्याप्रमाणे घोंगडी आली आहे. काळी, जाड, अंगाला किंचित टोचणारी. नातवाने बसून पाहिले आणि ही कोणाची, म्हणून विचारले. ज्या मेंढ्यांची आहे त्या सांगोल्याकडे चरत आहेत, असे सांगता आले, याचे मला समाधान वाटले.

राहिले मृगाजिन. ते एका स्वच्छ सुती चादरीत गुंडाळून ठेवले आहे. वकिलांस भेटून झाले. त्यांनी गोड भाषेत थोडी धास्तीही घातली. अर्ज लिहून तयार आहे. त्यात आजोबांना ते कोणत्या साली मिळाले ते लिहिले आहे, तीन मुंजींचा उल्लेख केला आहे, आणि २००३ साली नोंद न करण्याची चूक माझी, वडिलांची नव्हे, हेही लिहिले आहे. येत्या सोमवारी तो घेऊन मी जाणार आहे. पुढे काय होईल ते अधिकारी ठरवितील, आणि जे ठरेल ते मला सोसले पाहिजे. नातू बरोबर येतो म्हणतो. त्याच्या त्रैराशिकाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. पण निदान आपल्या घरी त्या उदाहरणात आता आणखी एक मुंज मिळवावयाची नाही, एवढे मी त्याला सांगितले आहे.